सोळा थेंब

उन्हाळ्यात दुपारी अडीच वाजता निमखेडात कोणी जागं नसतं. कुत्री रांजणाच्या ओलीत, म्हाताऱ्या ओसरीवर, गडीमाणसं लिंबाखाली, ज्याला जिथं सावली सापडेल तिथं तो आडवा. अशा वेळी त्या गावात एकच बाई डोळे ताणून बसलेली असायची. समोरच्या खोलीचे पडदे ओढून, निळ्या उजेडात, हातात एवढीशी काचेची कुपी धरून पुष्पांजली थेंब मोजत असायची.

कुपीत टाकीतलं पाणी घ्यायचं, दहा मिली, ना कमी ना जास्त. मग औषधाचा एक थेंब टाकून कुपी हलवायची की पाणी निळं होतं. पुढं दुसरा थेंब, तिसरा, चौथा. पाणी निळंच राहतं, हट्टी पोरासारखं. आणि मग एका थेंबाला ते एकाएकी पिवळं पडतं. तो कितवा थेंब, ते लक्षात ठेवायचं आणि त्याचं अर्धं करायचं. सोळाव्या थेंबाला पिवळं झालं म्हणजे आठ. आठ म्हणजे सगळं ठीक.

भिंतीला लागून दिवाणाएवढी लांब काचेची टाकी होती आणि तिच्यात समुद्र होता. खराखुरा नव्हे, घरी कालवलेला, पण प्रवाळाला तो खरा वाटत होता आणि त्याचंच मत महत्त्वाचं. प्रवाळ म्हणजे अंगठीतलं पोवळं नव्हे. झाडासारखं दिसतं, दगडासारखं लागतं, आणि असतो तो प्राणी, आपलं हाड आपणच पाण्यातून बांधणारा. ते बांधायला त्याला पाण्यात एक खार लागतो. तो खार सोड्यातून द्यायचा, आणि पाण्यात किती आहे, ते हे थेंब सांगतात. तिचा नवरा शिवम त्याला केएच म्हणायचा. पुष्पांजलीची सासू मनकर्णाबाई त्याला नुसतं 'ते आठ' म्हणायची. "झालं का ते तुह्यं आठ? मंग चहा ठेव व."

खाऱ्या पाण्याचं कौतुक करणाऱ्यातलं हे गाव नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. निमखेड खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या काठची जमीन काळीभोर, बघत राहावी अशी, पण खाली कुठंही खणा, लागतं ते खारं. त्यात डाळ शिजत नाही, साबण फेसाळत नाही, आणि जन्मभर ते पिऊन माणसांची मूत्रपिंडं निकामी होतात. मनकर्णाबाईचा नवरा त्यातच गेला. कधीकाळी इथं समुद्र होता, तो निघून गेला आणि जाताना मीठ विसरला, असं म्हातारे सांगतात. पुष्पांजली वर डोणगावकडची, गोड्या पाण्याची पोर. सासरी आल्यावर पहिल्या सकाळी तिनं विहिरीच्या पाण्याचा चहा केला आणि एक घोट घेऊन गुपचूप मोरीत ओतला. सासूनं ते पाहिलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती गोड्या पाण्याचा एक जार वेगळा ठेवायला लागली.

अशा घरात शिवमनं समुद्र आणला. तो खामगावच्या आयटीआयचा प्लंबर. बाविसाव्या वर्षी पाइप जोडायला म्हणून मस्कतला गेला, आणि तिथं त्याला लोकांच्या बंगल्यांतल्या माशांच्या टाक्यांचे पाइप जोडायला लावले. जोडता जोडता तो पाइपात काय वाहतं ते शिकला. दहा वर्षं अशी ये-जा केल्यावर एकदा रजेवर आला तो पुरतं वर्ष राहिला. नळाला गाळणीचं यंत्र बसवलं, त्यातून पाणी अगदी कोरं काढलं, मग त्यात पोत्यातलं मीठ मोजून कालवलं.

"माणसं खारं पिऊन मेली, अन् हा माशायले गाळून देऊन राह्यला," मनकर्णाबाई म्हणाली. "अन् गाळून झालं की पुन्हा मीठ टाकते. याले म्हणतात रिकामे धंदे."

पण एक गोष्ट घरात सगळ्यांत आधी तिलाच समजली. उन्हानं टाकीतलं पाणी उडायचं, रोज दोन-तीन लिटर. त्या जागी खारं घालायचं की गोडं, यावर पुष्पांजली गोंधळून उभी राहिली होती. म्हातारी पदरानं घाम पुसत म्हणाली, "गोडं. पाणी उडते, मीठ नाही उडत. आपल्या वावराचं तेच तं झालं. वर्षानुवर्षं विहिरीचं पाजलं, पाणी उडालं, मीठ बसलं. आता कुदळ मारली तं ठण वाजते." शिवम आपल्या आईकडं पाहतच राहिला होता.

होळीच्या सुमाराला मस्कतच्या मालकाचा फोन आला. एका हॉटेलात मोठी टाकी बसवायची होती, चार महिन्यांचं काम होतं. शिवम जायला निघाला तेव्हा पुष्पांजली टाकीकडं तोंड करून उभी होती. लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि निरोप देताना माणसाकडं पाहायचं नसतं, एवढं ती शिकली होती.

"काम संपायच्या अगोदरच मालक पुढचा तीन वर्षाचा करार समोर ठेवते," तो म्हणाला. "मे संपायच्या अगोदर हो का नाही ते सांगा लागते. मले नाही करायची सही. आपण इथंच प्रवाळाच्या फांद्या वाढवू, अन् नागपूर-पुण्याच्या शौकीन लोकायले विकू. पण ते इथं वाढलं पाह्यजे. तुह्या हातून. मी फिरतीवर असलो तरी." त्यानं काचेवर बोट ठेवलं. आत बोटाएवढी एक जांभळी फांदी होती, तिला पाच-सात उपफांद्या फुटलेल्या. घरात तिला जांभळीच म्हणत. "ही वाढली तं मी सही नाही करत."

"नाही वाढली तं?"

तो बॅगेची चेन लावत बसला.

कपाटाच्या दारावर त्यानं स्वतःच्या अक्षरात एक कागद चिकटवून ठेवला होता. सकाळी सोड्याचं पाणी चाळीस मिली. संध्याकाळी कॅल्शियम. दोन्ही एकत्र कधीच नाही. उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी. केएच आठ. पडली तर सांगजो. आणि सगळ्यांत खाली, दोन रेघा मारून, घाई करायची नाही, एका दिवसात एकच. म्हणजे आकडा वर न्यायचा असला तरी दिवसाला एकानंच न्यायचा.

मग रोजचं सुरू झालं. तिथं त्याची जेवणाची सुट्टी व्हायची तेव्हा इथं अडीच वाजलेले असायचे. फोन यायचा. नेटवर्क लंगडं, व्हिडिओ दोन मिनिटांत गोठायचा. फोटो पाठवला तर निळ्या उजेडात जिवंत-मेलेलं सगळं सारखंच सुंदर दिसायचं. "फोटो खोटं बोलते," शिवम म्हणायचा. "आकडा नाही बोलत. आज किती?"

"आठ."

"मस्त. जेवली का?"

"हाव. तुम्ही?"

"हाव. बाकी?"

"बाकी सगळं ठीक."

महिनाभर हे खरंच होतं. सोळावा थेंब पडला की पाणी पिवळं व्हायचं, आणि पुष्पांजलीच्या छातीत काहीतरी हलकं व्हायचं. फोन झाला की ती टाकीसमोर गार फरशीवर आडवी व्हायची. बाहेर ऊन पत्र्यावर तडतडत असे आणि आत पाण्याची निळी जाळी छतावर हलत असे. तिनं समुद्र कधी पाहिला नव्हता. तिचा समुद्र हाच, आणि तो भिंतीवरून, कपाटावरून, तिच्या स्वतःच्या हातावरून वाहत जायचा. अर्धे डोळे मिटले की गावच पाण्याखाली गेल्यासारखं वाटे. जुना समुद्र परत आलेला असे, विसरलेलं मीठ न्यायला. वावरात तुरीची झाडं हळूहळू डोलताहेत, पाराच्या लिंबातून पिवळे मासे ये-जा करताहेत, मनकर्णाबाई ओसरीवर नेहमीसारखी लसूण सोलते आहे आणि टरफलं वर वर जाताहेत. कोणाला कशाचं नवल नाही. आणि पूर्णेकडून शिवम चालत येतो आहे, खांद्याला बॅग, पायाखाली धूळ उडत नाही. इथपर्यंत आलं की तिला जाग यायची. रोज तो थोडा जवळ आलेला असायचा.

एप्रिलच्या मध्यावर एका दुपारी पंधराव्या थेंबाला पाणी पिवळं झालं.

तिनं कुपी धुतली, पुन्हा मोजलं. पुन्हा पंधरा. म्हणजे साडेसात. फोन वाजला तेव्हा कुपी तिच्या हातातच होती.

"आज किती?"

ती खोटारडी बाई नव्हे, हे कोणीही सांगेल. बाजारात वाण्यानं चुकून जास्त तोललं तर परत जाऊन सांगणारी. पण फोनवरची माणसं वेगळी असतात. सहा वर्षं तिनं या फोनवर 'सगळं ठीक'शिवाय काही सांगितलेलं नव्हतं. सासऱ्याचे पाय सुजले तेव्हा ठीक, तिला डेंगू झाला तेव्हा ठीक. लांबच्या माणसाला घोर लावू नये, ही इथली रीतच. आणि आता तर त्या एका आकड्यावर त्याचं येणं टांगलेलं होतं.

"आठ," ती म्हणाली.

दुसऱ्या आठवड्यात चौदा थेंब. मग तेरा. ती सकाळी सोड्याचं चाळीस मिली पाणी अगदी डोळ्यांसमोर धरून मोजायची, एक रेघ इकडची तिकडं होऊ द्यायची नाही. कागदावर चाळीस लिहिलं होतं ना, मग चाळीसच. तरी आकडा पडतच होता. त्यात जांभळीच्या प्रत्येक टोकाला एक दुधी ठिपका दिसायला लागला. खालचं अंग गडद जांभळं आणि टोक मात्र फिकं, नखाच्या चंद्राएवढं. कसला तरी रोग लागला, असं तिनं धरून घेतलं. रोज ती ते ठिपके पाहायची, आणि रोज अडीच वाजता आठ म्हणायची.

स्वप्नही बदललं. शिवम तसाच पूर्णेकडून यायचा, पण ती हाक मारायला तोंड उघडायची आणि तोंडातून एक बुडबुडा निघायचा, त्यात आठ लिहिलेलं. बुडबुडा वर जायचा. तो मान वर करून त्या बुडबुड्याकडं पाहत राहायचा आणि पाय तिथंच थांबायचे.

मेच्या चौथ्या आठवड्यात, शनिवारी, धम्मशीला आली. गावातल्या विहिरींचं आणि नळाचं पाणी तपासायला पंचायतीनं ज्या बायका शिकवून तयार केल्या, त्यातली ही सगळ्यांत पक्की. तिच्याकडंही अशीच पेटी, अशाच कुप्या, असेच थेंब. परसातल्या बोअरचा नमुना घेऊन ती घाम पुसत समोरच्या खोलीत आली. टाकीचा गारवा तिला आवडायचा. पुष्पांजली तेव्हा मोजतच होती. धम्मशीला शेजारी उकिडवी बसली आणि सवयीनं ओठ हलवायला लागली.

पाणी पिवळं झालं.

"किती आली?" धम्मशीलानं विचारलं.

"आठ."

"मी बारा थेंब मोजले, वैनी. तुह्या हिशोबानं सहा व्हते."

पुष्पांजलीनं कुपी खाली ठेवली. मग तिनं सगळं सांगून टाकलं, दुधी ठिपक्यांपासून सहीपर्यंत. धम्मशीला ऐकत पेटीचं झाकण उघड-बंद करत होती.

"मले पण लोकं म्हणतात, बाई, जरा कमी खार लिहीत जाय, गावाचं नाव खराब होते, पोरी द्यायले कोणी तयार होत नाही. लिहायले काय जाते? पण पाणी माही वही वाचत नाही ना." ती उठली. "सांगून टाक त्याले. तो तं त्यातलाच माणूस आहे."

"सांगतो," पुष्पांजली म्हणाली. इकडच्या बाया असंच म्हणतात, सांगतो, करतो, जातो, आणि पुष्कळदा करतही नाहीत.

रविवारी फोनवर शिवमचा आवाज थकलेला होता. "मालक विचारून राह्यला. गुरुवारपर्यंत सांगा लागते," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "आज किती?"

"आठ."

"हं," तो म्हणाला. "आठच?"

"हाव. एकदम आठ."

"बरं. जप."

फोन ठेवल्यावर तिनं मनाशी ठरवलं. गुरुवारच्या आत आठ खरंच आठ करायचे, म्हणजे खोटं खोटं राहणार नाही. चार दिवस होते. आकडा दिवसाला अर्ध्या-एकानं वर नेला असता तर नीट पोचलाही असता. पण सहा आठवडे मनावर बसलेलं ओझं माणूस चार हप्त्यांत उतरवत नाही, एकदम फेकतो.

सोमवारी दुपारी तिनं खाण्याचा सोडा कढईत घातला आणि मंद आचेवर भाजला. शिवम असाच भाजायचा, भाजला की तो जास्त कडक होतो. भाजला म्हणजे रंग बदलत नाही, नुसता हलका होतो आणि कढईत पाण्यासारखा वाहायला लागतो. मनकर्णाबाई ओसरीवरून ओरडली, "रवा भाजून राह्यली काय व? शिरा करते?" पुष्पांजलीनं एक चमचा मोजून घेतला, आणि वरून अर्धा, आपल्या समाधानाचा. तांब्याभर गोड्या पाण्यात विरघळवला. टाकीसमोर उभी राहिली. कपाटावरचा कागद समोर होता, दोन रेघांसकट. तिनं तिकडं पाहिलं नाही. तांब्या हळूच, पूजेच्या पाण्यासारखा, पंपाच्या धारेत ओतला.

पाण्यात ढग उतरला. आधी धुरासारखा, मग ताकासारखा, आणि सगळी टाकी पांढरी झाली. काच, मासे, जांभळी, काही दिसेना. निळ्या उजेडात तो पांढरेपणा इतका शांत आणि देखणा होता की क्षणभर तिला वाटलं, बरोबरच झालं, समुद्राला धुकं पडलं आहे आणि ते निवळेल तेव्हा सगळं पहिल्यासारखं असेल. ढग तासाभरानं खाली बसला. तिनं मोजलं. बाविसावा थेंब. अकरा.

मंगळवारी सकाळी जांभळीची टोकं जळलेली होती. आता तो दुधी ठिपका नव्हता. कातडं सुटून आतलं हाड उघडं पडलं होतं, खडूसारखं पांढरं, आणि त्याच्या कडेला कातड्याच्या चिंध्या पाण्यात हलत होत्या.

मनकर्णाबाई चहा का झाला नाही म्हणून पाहायला आली, तेव्हा सून फरशीवर गुडघ्यांत डोकं घालून बसलेली होती. म्हातारीला केएच कळत नव्हती, पण जळलेलं कळत होतं. ती गुडघे धरत तिच्याशेजारी बसली.

"मी रोज खोटं सांगलं त्यायले, आत्याबाई," पुष्पांजली म्हणाली. "आकडा पडून राह्यला होता अन् मी आठ म्हणे."

"तुह्या सासऱ्यानं पायाची सूज धोतराखाली लपवली होती," म्हातारी म्हणाली. "साहा महिने. मी इचारलं का म्हणे, ठीक हाये. मले घोर लागू नये म्हणून. डॉक्टर म्हणे, साहा महिने अगोदर आणलं असतं तं." तिनं सुनेच्या पाठीवर हात ठेवला. "मले अजून राग येते त्यायचा. मेलेल्या माणसाचा राग येणं वाईट असते पोरी. तू सांग."

त्या दिवशी फोन आलाच नाही, तिथं काम जास्त होतं. बुधवारी आला. आकडा आपसूक उतरून अठरा थेंबांवर आला होता.

"आज किती?"

"नऊ," पुष्पांजली म्हणाली.

पलीकडं भांड्यांचा आवाज थांबल्यासारखा वाटला. "नऊ?"

"परवा अकरा होती. मी भाजलेला सोडा एकदम टाकला. टोकं जळली. त्याच्या अगोदर सहा होती. एप्रिलपासून पडून राह्यली. मी तुमाले रोज खोटं सांगलं."

तो रागावेल असं तिनं धरलं होतं. त्यानं वेगळंच विचारलं. "पडली तवा डोस किती होता?"

"चाळीस. तुम्ही लिहून देला तोच."

"अन् टोकायले काय होतं? जळायच्या अगोदर?"

"दुधी ठिपके होते. महिना झाला. रोग होता कोणता तरी."

मग शिवम बोलला, अगदी हळू.

"पुष्पा, तो रोग नाही व. ते वाढणं आहे. नवीन हाड येते ना टोकाले, ते तसंच दिसते. जेवढं वाढते तेवढं जास्त खाते. तू चाळीस देऊन राह्यली, त्याले साठ-सत्तर लागत होते, म्हणून आकडा पडला. अशी वाढ मले इथं गोऱ्या लोकायच्या टाकीत नाही जमली. मी दोन महिने रोज आठ ऐकून राह्यलो. डोस तोच, आकडा तोच. मी समजलो ते काही खाऊनच नाही राह्यलं. नुसतं जित्तं आहे, वाढत नाही. आपल्याकडं नाही जमत, असं समजलो."

पुष्पांजलीला कळलं, पण कळून घ्यायचं नव्हतं. "उद्याच्याले गुरुवार आहे," ती म्हणाली. "मालकाले नाही म्हणून सांगा. आहे ना टाइम."

"मी सोमवारीच सही केली."

सोमवारी. तिनं कढईत सोडा भाजला त्या दिवशी. टाकीत मासे जात-येत होते. त्यातला पिवळा काचेजवळ येऊन तिच्याकडं पाहून गेला.

"तुम्ही मले काऊन नाही बोलले?" तिचा आवाज चढला. सहा वर्षांत या फोनवर तो कधी चढला नव्हता. "का वाढून नाही राह्यलं म्हणून? एका शब्दानं तरी इचारायचं."

"तुले वाईट वाटलं असतं. तू एवढी खुशीत सांगे."

"मी खुशीत नव्हती. मी भेली होती. मले राग येऊन राह्यला. तुमचा पण अन् माह्या पण. मले वाटे तुम्ही या. बस एवढंच वाटे." ती रडत होती आणि ते लपवत नव्हती. ओसरीवर लसूण सोलणं थांबलं होतं, म्हातारी ऐकत होती, तेही तिला चाललं.

"सही मागं नाही घेता येत," शिवम म्हणाला. "एक वर्ष काढाच लागते. त्याच्यानंतर सुटता येते. मी सुटतो." आणि मग, प्लंबरच्या कोरड्या आवाजात, "आता सोडा बंद. आकडा आपला आपला उतरू दे. जळालेली टोकं काप, बाकीची नको हात लावू. घाई नको."

तिनं तसंच केलं. जांभळीच्या तीन फांद्या गेल्या. उरलेल्यांच्या जळक्या टोकांखाली, कातडं जिथं संपत होतं तिथं, जूनच्या मध्यावर बारीक फुगवटे आले, आणि त्यांच्या टोकाला दुधी ठिपके. तिनं ते बोटानं काचेवरून मोजले. अकरा. सासूला बोलावून दाखवले. "हे वाढणं आहे," तिनं सांगितलं. मनकर्णाबाईनं चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, तांदळाच्या कणीसारखं दिसते.

आता ती रोज खरा आकडा सांगते. कधी सात, कधी साडेआठ, एकदा साडेसहा. आकड्यामागं बाकीचंही सांगते. गाळणीचं यंत्र गळतं आहे. आत्याबाईचा गुडघा दुखतो. आज करमत नाही. शिवम ऐकतो आणि डोस सांगतो, पंचावन्न कर, साठ कर. स्वतःचं विचारलं तर अजूनही एकच, ठीक आहे.

त्या दुपारी पंधरा थेंब पडले. निळी जाळी छतावर हलत होती, गाव झोपलेलं होतं.

"आज किती?"

"साडेसात."

"हं. खाऊन राह्यलं. चांगलं आहे. अजून पाच मिली वाढव." तो बोलायचा थांबला, आता फोन ठेवणार तसा.

"अन् तुमचं?" तिनं विचारलं.

"काय माहं?"

"तुमचं किती आहे?"

तिकडं कोणीतरी नळ सोडला, बंद केला. कोणीतरी दुसऱ्या भाषेत हसलं. तो 'ठीक' म्हणणार, हे तिला माहीत होतं. ती तो शब्द येण्याची वाट पाहत राहिली, थेंबांची पाहायची तशी, आणि तो आला नाही.

"सहा," शिवम म्हणाला.

पुष्पांजलीनं पायानं स्टूल ओढून घेतलं, बसली, आणि फोन कानाशी घट्ट धरला.

"सांगा," ती म्हणाली. "घाई नाही."